फोटो वापरायला द्या, देऊन टाकू नका: छायाचित्राच्या व्यावसायिक परवान्याची पूर्ण वाट

"सर, तुमचा राजगडाचा फोटो अप्रतिम! आमच्या रिसॉर्टच्या ब्रोशरमध्ये वापरू का? क्रेडिट नक्की देऊ." जरा बरे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्या प्रत्येकाला असा निरोप कधी ना कधी येतो. बहुतेक जण खूश होतात आणि "हो, वापरा ना" असं लिहून मोकळे होतात. ब्रोशरपुरता दिलेला तो फोटो मग रिसॉर्टच्या वेबसाइटवर जातो, तिथून बुकिंग ॲपवर, आणि एखाद्या मे महिन्यात पुणे-सातारा रस्त्यावरच्या होर्डिंगवर. तेव्हा भांडायला जावं तर आपण नक्की कशाला "हो" म्हणालो होतो, हेच कुठे लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्रात घर लिव्ह अँड लायसन्सवर देताना आपण किती महिने, किती भाडं, कोण राहणार, पोटभाडेकरू चालणार नाही, हे सगळं लिहून घेतो. घर आपलंच राहतं. फोटोच्या परवान्यातही हेच ठरवायचं असतं. उलट इथे सोय जास्त आहे, कारण तोच फोटो एकाच वेळी दहा जणांना वापरायला देता येतो.

आपण ठरवलं नाही, तर रिकाम्या जागा १९५७चा कॉपीराइट कायदा भरतो, आणि तो जे भरतो ते बऱ्याचदा छायाचित्रकाराच्या सोयीचं नसतं. म्हणून त्या जागा आपणच आधी भरायच्या.

पहिली पायरी: फोटो तुमचा आहे ना?

साधा नियम असा की फोटो जो काढतो तो त्याचा कर्ता, आणि कर्ता हाच पहिला मालक. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात नाव टाकावं लागत नाही. शटर दाबलं की हक्क तयार होतो. २०१२च्या दुरुस्तीआधी फोटोला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण होतं; आता इतर कलाकृतींप्रमाणेच छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं आहे. म्हणजे नातवंडांनाही भाडं येऊ शकतं.

पण कलम १७मध्ये अपवाद आहेत, आणि पोटापाण्यासाठी फोटो काढणारा बहुतेक वेळा त्या अपवादांतच राहत असतो.

सगळ्यात महत्त्वाचा अपवाद सांगितलेल्या कामाचा. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा असतो. लग्नाचे फोटो नेमके यातच मोडतात. पैठणी, नथ, चंद्रकोर असा वधूचा सुरेख फोटो तुम्ही काढता, वर्षभराने एखादं साडीचं दुकान तो दिवाळीच्या जाहिरातीसाठी मागतं आणि चांगले पैसे देतो म्हणतं. बुकिंगच्या वेळी काही लिहून घेतलं नसेल, तर हा फोटो विकायला तुम्ही मोकळे नाही. मालक तो, ज्याने काम सांगून पैसे दिले. आपल्याकडे ते बहुधा मुलीचे वडील असतात, त्यामुळे कायद्याच्या हिशेबात खुद्द वधूचाही त्या फोटोवर कॉपीराइट नसतो! जाहिरातीसाठी तिची संमती मात्र लागतेच, पण ती गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे.

यावर उपाय आहे तो बुकिंगच्या कागदावरच. कोटेशनमध्ये, ॲडव्हान्स घेण्याआधी, एवढं लिहा: "या कामातील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास ती छायाचित्रे वैयक्तिक व कौटुंबिक वापरासाठी कायमस्वरूपी वापरता येतील. जाहिरातीसाठी किंवा तिसऱ्या व्यक्तीस छायाचित्रे देण्यापूर्वी छायाचित्रातील व्यक्तींची लेखी संमती घेतली जाईल." खाली दोघांच्या सह्या. काम झाल्यावर ही अट पुढे केली तर समोरच्याला ती फसवणूक वाटते, आणि त्याचं फारसं चुकत नाही.

पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो नोकरी देणाऱ्याचे. वर्तमानपत्रं आणि मासिकांसाठी कायद्याने थोडी वेगळी वाट ठेवली आहे: पगारी छायाचित्रकाराने प्रसिद्धीसाठी काढलेल्या फोटोवर वृत्तपत्राचा हक्क नियतकालिकांतल्या प्रसिद्धीपुरता, बाकी हक्क छायाचित्रकाराचे. अर्थात उलट करार नसेल तरच, आणि नेमणूकपत्रात तो बहुधा असतो. म्हणून आधी नेमणूकपत्र काढून वाचा. पगारावर नसलेल्या, फोटोमागे पैसे घेणाऱ्यांनी "सांगितलेलं काम" या अपवादाकडे लक्ष ठेवावं. सरकारी खात्याच्या सांगण्यावरून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, सरकारचं.

फोटो स्पर्धांचे नियमही याच टप्प्यावर वाचायचे. "आलेल्या सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या" असं शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं असतं. पाच हजारांच्या बक्षिसासाठी दोनशे जणांचे फोटो गोळा करण्याचा हा फार स्वस्त मार्ग आहे.

दुसरी पायरी: चौकटीत कोण आणि काय आहे?

फोटो तुमचा असला तरी फोटोतला माणूस तुमचा नाही. एखाद्या शेतकऱ्याचा फोटो पीकविम्याच्या बातमीला चालतो. कीटकनाशकाच्या जाहिरातीला त्याची सही लागते. बातमी, लेख, समीक्षा हा संपादकीय वापर. वस्तू, सेवा किंवा पक्ष खपवणं हा व्यावसायिक. परवाना देताना हा भेद मनात पक्का हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल खटल्यात आणि पुढे २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खाजगीपणाच्या हक्काला जागा दिली आहे. माणसाचा चेहरा त्याला न विचारता माल विकायला वापरला, तर तो माणूस जाहिरातदाराकडे आणि त्याच्यामागून तुमच्याकडे येऊ शकतो.

सहीच्या या कागदाला धंद्यात मॉडेल रिलीज म्हणतात. तो समोरच्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. वारीत भेटलेल्या माउलींकडून इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला, तर उद्या त्या कागदाची किंमत शून्य. मराठीत पाच-सहा ओळी पुरतात: नाव, पत्ता, फोटोची तारीख आणि ठिकाण, "हा फोटो जाहिरात व व्यापारी कामासाठी वापरण्यास माझी संमती आहे", मिळालेला मोबदला, सही. कोणत्या विषयासाठी वापरू नये (दारू, तंबाखू, राजकारण, आजार) हेही विचारा आणि लिहा. मोबदला थोडका का असेना, द्यावा. फोटोची छोटी प्रत कागदाला जोडून ठेवा, नाहीतर चार वर्षांनी कोणती सही कोणत्या फोटोची हे सांगता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची सही. स्टॉक साइटवर, म्हणजे अनेकांचे फोटो परवान्याने विकणाऱ्या संकेतस्थळावर, फोटो टाकायचा असेल तर तिथे त्यांच्या अटींत बसणारा फॉर्म लागतो. तो मोबाईलमध्ये ठेवला की काम भागतं.

वास्तूंची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. इमारतीचा फोटो काढणं हे कॉपीराइट कायद्यानुसार उल्लंघन नाही. कलम ५२मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. पण कॉपीराइट हा एकच कायदा नाही. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७मध्ये आपल्या इमारतीचं रूप ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. असं करणारी ती भारतातली पहिली वास्तू. समुद्रातून घेतलेल्या दृश्यात गेटवेशेजारी ताज दिसणं वेगळं आणि तो घुमट टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. अजिंठा, वेरूळ, रायगड अशा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. प्रवेशाचं तिकीट म्हणजे ती परवानगी नव्हे. अभयारण्यात वन खात्याची परवानगी, ड्रोनसाठी २०२१चे ड्रोन नियम आणि ड्रोन कुठे उडवता येतो ते ठरवणारे त्यांचे हिरवे-पिवळे-लाल पट्टे. हे कागद नसतील तर क्लायंटला तसं आधीच सांगा. मोठ्या कंपनीचा कायदा विभाग विचारतोच.

आपल्याकडच्या फोटोग्राफरला हमखास लागणारी, पण फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट: बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला बंदी घालणारा १९५०चा कायदा. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांचं नाव व चित्ररूप आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारासाठी वापर करता येत नाही. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त कॅलेंडर तयार करणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तरच. त्यामुळे रायगडावरच्या मेघडंबरीतल्या पुतळ्याचा फोटो एखाद्या बिल्डरने फ्लॅटच्या जाहिरातीसाठी मागितला, तर पैसे कितीही असोत, नाही म्हणा.

फोटोत दुसऱ्याची कला असेल तर? सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला कायदा सूट देतो. गणेशोत्सवातली मूर्ती मात्र कायमस्वरूपी नसते. तिचं विसर्जनच होतं. ही सूट तिला लागू होते असं धरून चालणं धोक्याचं. मिठाईच्या जाहिरातीसाठी मंडळाच्या बाप्पाचा फोटो द्यायचा असेल तर मूर्तिकार आणि मंडळ, दोघांची लेखी परवानगी घ्यावी. भिंतीवरच्या चित्रांचंही तसंच. २०२३मध्ये मुंबईतलं एक भित्तिचित्र एका विमा कंपनीच्या जाहिरातीत वापरल्याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने ते होर्डिंग उतरवायला सांगितलं. भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र रस्त्याचं होत नाही.

तिसरी पायरी: परवान्यात काय भरायचं

कायदा दोन वेगळे व्यवहार ओळखतो. एक हक्कांचं हस्तांतर, म्हणजे मालकीच देणं. दुसरा परवाना, म्हणजे मालकी ठेवून वापर देणं. दोन्ही लेखी हवेत. हस्तांतराला सही लागते. परवान्याच्या कलमातला सहीचा उल्लेख २०१२मध्ये गेला. ई-मेल किंवा चॅटमधला मजकूरही माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार "लेखी" धरला जाऊ शकतो. सुरुवातीचं ते "हो, वापरा ना" म्हणूनच धोक्याचं.

रिकाम्या जागांचे नियम कलम १९मध्ये आहेत, आणि कलम ३०-अ त्यांना परवान्यालाही लावतं. मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं. प्रदेश लिहिला नाही, तर संपूर्ण भारत. सहा महिन्यांसाठी कोल्हापूर जिल्ह्यापुरता द्यायचा म्हणून मनात धरलेला फोटो अशा रीतीने पाच वर्षं देशभर फिरू शकतो. एक नियम आपल्या बाजूचाही आहे: घेतलेला हक्क समोरच्याने वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर तो संपतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात "कलम १९(४) लागू होणार नाही" अशी ओळ घातलेली असते. ती दिसली की काय मागितलं जातंय ते समजा.

मग एकेक जागा भरत जा.

परवाना कुणाला? "रिसॉर्टवाले" नव्हे, कंपनीचं किंवा फर्मचं नोंदणीकृत नाव. मध्ये जाहिरात एजन्सी असेल तर अंतिम वापर करणारा क्लायंट कोण तेही लिहा, आणि त्याने तो पुढे कुणाला द्यायचा नाही हेही.

कशासाठी? इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. "मार्केटिंग" हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. त्यात सगळं मावतं. वेबसाइट, सोशल मीडियाच्या पोस्ट, पैसे देऊन चालवलेल्या ऑनलाइन जाहिराती, ब्रोशर (किती प्रती), होर्डिंग (किती, कुठे), वेष्टन, वर्तमानपत्रातली जाहिरात, टीव्ही, प्रदर्शनातला स्टॉल, यांपैकी नेमकं काय ते लिहा. शेवटी एक वाक्य: "येथे नमूद न केलेले सर्व वापर छायाचित्रकाराकडे राखीव." त्यालाच जोडून आता हेही लिहावं लागतं की एआय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी किंवा एआयद्वारे नवी प्रतिमा तयार करण्यासाठी फोटो वापरता येणार नाही.

एकट्याला की अनेकांना? एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाधिकाराच्या, परवान्याचा कायद्यातला अर्थ कडक आहे: इतर सगळ्यांना वगळून, खुद्द मालकालाही वगळून. म्हणजे तुमच्याच पोर्टफोलिओत तो फोटो ठेवायचा तरी तो हक्क राखून ठेवावा लागतो. क्लायंटला मात्र बहुधा एवढंच हवं असतं की प्रतिस्पर्ध्याकडे तोच फोटो दिसू नये. तेवढंच द्या. आंबा विक्रेत्याला "आंबा व आंब्याचे पदार्थ या व्यवसायापुरता" एकाधिकार द्या. तोच बागेचा फोटो तुम्ही पर्यटन कंपनीला द्यायला मोकळे राहता.

बदल आणि श्रेय. कलम ५७मुळे कर्ता म्हणून नाव लावण्याचा हक्क आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क, मालकी विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. तरी काय चालेल ते लिहिलेलं बरं: क्रॉप आणि अक्षरं टाकणं चालेल, आकाश बदलणं किंवा माणूस पुसणं विचारून.

"फुल बायआउट", म्हणजे सगळी माध्यमं, सगळं जग, कायमस्वरूपी. एजन्सीच्या फॉर्ममध्ये हे आधीच छापलेलं असतं. माझं मत असं की लोणच्याच्या बरणीचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो असेल तर खुशाल द्या. त्याला दुसरं गिऱ्हाईक कुठून येणार? पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधीतरीच दिसणाऱ्या इंद्रवज्राचा (गोल इंद्रधनुष्याचा) फोटो असा देऊ नका. त्याची कमाई पुढची कित्येक वर्षं होऊ शकते.

चौथी पायरी: भाव

फोटोला भाव नसतो, वापराला असतो. तोच फोटो एका कॅफेच्या भिंतीवर वेगळ्या पैशांचा, बँकेच्या मोहिमेत वेगळ्या. म्हणून "एका फोटोचे किती?" या प्रश्नाला आकड्याने उत्तर देऊ नका, प्रश्नाने द्या: कुठे वापरणार, किती काळ, किती प्रती, कोणत्या शहरांत? खरा ग्राहक चटकन उत्तरं देतो.

मग दोन टोकं ठरवा. वरचं टोक: हाच फोटो त्यांनी स्वतः काढून घेतला असता तर प्रवास, मुक्काम, माणसं, हवामानाची वाट धरून किती खर्च आला असता. खालचं टोक: ज्याच्या खाली दिलं तर तुम्हालाच वाईट वाटेल तो आकडा. समजा, रत्नागिरीच्या हापूस विक्रेत्याला बागेचा फोटो हवा आहे. वेबसाइट आणि सोशल मीडिया, एक वर्ष, एकाधिकार नाही: ६,००० रुपये. पेटीवर छपाई, दोन हंगाम: आणखी १४,०००. आंब्याच्या धंद्यापुरता एकाधिकार हवा असेल तर एकूण २०,०००चे दुप्पट, म्हणजे ४०,०००. हे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवायला घेतलेत. असं तोडून दिलं की घासाघीसही नीट होते. "कमी करा" म्हटलं तर आकडा नव्हे, वापर कमी करायचा: ठीक, मग एकच हंगाम.

क्रेडिटबद्दल. होर्डिंगवर फोटोग्राफरचं नाव वाचायला कुणी गाडी थांबवत नाही. नाव छापणं हा तुमचा हक्क आहे, मोबदला नव्हे. दिवाळी अंक, वाचनालयाची स्मरणिका, गड संवर्धनाचं काम करणारी संस्था, यांना फुकट द्यावासा वाटला तर जरूर द्या, पण परवाना तेवढाच काटेकोर लिहा: याच अंकाचं मुखपृष्ठ, छापील आणि ई-आवृत्ती, एकदाच. पाच प्रती मागून घ्या.

कागदाचा नमुना

छोट्या व्यवहाराला एक पान पुरतं. इन्व्हॉइसच्या मागे छापलंत तरी चालेल:

"परवाना देणारा (छायाचित्रकार): … परवाना घेणारा: … छायाचित्र: फाईल क्र. …, छोटी प्रत सोबत. परवानगी दिलेला वापर: परवाना घेणाऱ्याची वेबसाइट व सोशल मीडिया खाती, ब्रोशर, कमाल २,००० प्रती. मुदत: दि. … ते दि. …. प्रदेश: छापील वापर महाराष्ट्र व गोवा, वेबसाइट व सोशल मीडियाला प्रदेशाची मर्यादा नाही. हा परवाना एकाधिकाराचा नाही व हस्तांतरणीय नाही. पुढे कोणासही उपपरवाना देता येणार नाही. क्रॉप व मजकूर टाकण्यास परवानगी. अन्य बदल पूर्वसंमतीने. श्रेय: 'छायाचित्र: …'. येथे नमूद न केलेले सर्व हक्क छायाचित्रकाराकडे राखीव. शुल्क: रु. …. परवाना पूर्ण शुल्क जमा झाल्यावरच अंमलात येईल. मुदत संपल्यावर डिजिटल वापर सात दिवसांत काढून टाकावा. छापून झालेल्या प्रती संपेपर्यंत वापरता येतील. न्यायक्षेत्र: …."

यातलं सर्वात कामाचं वाक्य "पूर्ण शुल्क जमा झाल्यावरच". पैसे थकवून फोटो वापरणारा मग नुसता देणेकरी राहत नाही, तो विनापरवाना वापरणारा ठरतो, आणि बोलण्याचा सूर लगेच बदलतो. लाखांचा व्यवहार, परदेशी क्लायंट किंवा कंपनीचा स्वतःचा पंधरा पानी करार असेल तर वकिलाला दाखवाच.

पाचवी पायरी: फाईल देणं

पसंतीसाठी पाठवायचा फोटो लहान आणि वॉटरमार्क टाकलेला. पूर्ण आकाराची फाईल पैसे आल्यावर, ड्राइव्हच्या लिंकने. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि आतली माहितीही गळते. ही आतली माहिती, आयपीटीसी मेटाडेटा, लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा साचा करून ठेवला की प्रत्येक फोटोला आपोआप लागते: कर्त्याचं नाव, कॉपीराइट सूचना, संपर्क. त्यात हक्कविधानाच्या पानाची लिंक आणि परवाना मिळवण्याची लिंक हे दोन रकाने भरले, तर तुमच्या वेबसाइटवरचा तो फोटो गुगलच्या चित्रशोधात "लायसन्सेबल" अशा खुणेसह दिसू शकतो. ही सोय २०२०पासून आहे आणि आपल्याकडे फार कमी जण वापरतात. हक्कांची ही माहिती जाणूनबुजून, अधिकाराशिवाय काढून टाकणं हा कलम ६५-ब खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल, कधीही देऊ नका, वेगळा सौदा असल्याशिवाय. उद्या वाद झाला तर फोटो तुमचा असल्याचा तो सर्वांत सोपा पुरावा. सतत मागणी असलेले मोजके फोटो कॉपीराइट कार्यालयाच्या वेबसाइटवरून नोंदवून ठेवता येतात. कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, मालावर वापरायची असेल तर २,०००. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण न्यायालयात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते.

स्टॉक साइटचा मार्ग

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक यांच्यावर फोटो टाकणं म्हणजे परवान्याचं काम दुसऱ्यावर सोपवणं. कागदपत्रं, ग्राहक शोधणं, वसुली, सगळं ते करतात. त्याची किंमतही घेतात: शटरस्टॉकवर कर्त्याचा वाटा वर्षभरातल्या विक्रीनुसार १५ ते ४० टक्के आणि जानेवारीत पुन्हा तळापासून सुरुवात; अडोबी स्टॉकवर फोटोला ३३ टक्के. सदस्यत्व घेतलेल्या ग्राहकाने फोटो उतरवला तर हातात पडणारी रक्कम कधी कधी चहाच्या कपाएवढीही नसते. हजारो फोटो, नेमके कीवर्ड आणि चिकाटी असेल तर ठीक. चाळीस सुंदर सूर्यास्त टाकून वाट पाहणाऱ्यांचं तिथे काही होत नाही. सूर्यास्त जगात सगळीकडे होतो; लासलगावचा कांदा लिलाव, झेडपीच्या शाळेतला डिजिटल वर्ग, सोलापुरी चादरीचा माग यांचे सहीसकट फोटो मात्र थोडे सापडतात.

टाकण्याआधी एक लक्षात घ्या. तिथला नेहमीचा परवाना रॉयल्टी-फ्री असतो: एकदा घेतला की ग्राहक अनेक कामांसाठी, बहुधा मुदतीविना वापरतो. असा फोटो पुढे कुणाला एकाधिकाराने देण्याचं वचन देता येत नाही. म्हणून दोन ढीग करा, स्टॉकचा आणि थेट परवान्याचा, आणि ते मिसळू देऊ नका. एआय प्रशिक्षणासाठी आपले फोटो वापरले जातात का, नकार देता येतो का, तेही अटींत वाचा. विकिमीडिया कॉमन्सवर टाकलेला फोटो कुणीही व्यवसायासाठीही वापरू शकतो, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. ज्ञानासाठी देणं चांगलंच, फक्त ते समजून द्यावं.

कर, थोडक्यात

क्लायंट कंपनी असेल तर रॉयल्टीवर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. पॅन द्या आणि विवरण भरताना तो वळता करून घ्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी; परवान्यावर दर १८ टक्के. निर्मात्यासारख्या काही ग्राहकांना कलात्मक हक्क दिल्यास जीएसटी त्यांनी भरायचा असतो, ते सीएला विचारा. अमेरिकन स्टॉक साइटवर डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर फॉर्म भरला तर तिथल्या विक्रीवरची कपात भारत-अमेरिका कर करारामुळे ३० ऐवजी १५ टक्के होते. दहा मिनिटांचं काम आहे.

न विचारता वापरला तर

महिन्यातून एकदा आपले गाजलेले फोटो गुगल लेन्स किंवा टिनआयवर उलटे शोधा, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे दिसतो ते पाहा. सापडला की लगेच फेसबुकवर आरडाओरडा करू नका. समोरचा फोटो काढून टाकतो आणि पुरावा जातो. आधी तारीख आणि पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट, होर्डिंगचा ठिकाणासह फोटो, पेटी असेल तर ती विकत घेऊन बिल. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाईल आणि यंत्र जपा.

मग धमकी नव्हे, बिल. "आपण दि. … पासून माझे छायाचित्र वापरत आहात. या वापराचे शुल्क असे. पंधरा दिवसांत भरल्यास परवाना नियमित करून देईन." छोटे व्यावसायिक बऱ्याचदा इथेच वळतात, कारण फोटो त्यांच्या डिझायनरने गुगलवरून उचललेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ खाली मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते. त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ६२मुळे दावा साधारणपणे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथेही लावता येतो. मात्र हक्क पक्का नसताना दिलेल्या पोकळ धमकीविरुद्ध समोरचाही कलम ६० खाली न्यायालयात जाऊ शकतो. लग्नाच्या फोटोवर नोटीस पाठवण्याआधी पहिली पायरी पुन्हा वाचा.

संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमावर फोटो असेल तर २०१३च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ उपयोगी पडतो. लेखी तक्रार गेल्यावर मध्यस्थाने, म्हणजे तो मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळाने किंवा समाजमाध्यमाने, ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. प्रत्यक्षात मोठ्या समाजमाध्यमांचे स्वतःचे तक्रार फॉर्म त्याहून लवकर काम करतात.

नोंदवही

एक साधी एक्सेल शीट करा: फाईल क्रमांक, परवाना कुणाला, कोणता वापर, कोणता प्रदेश, एकाधिकार असल्यास कोणत्या व्यवसायापुरता, सुरू, समाप्त, रक्कम, रिलीजचा कागद कुठे आहे. नवीन चौकशी आली की आधी ही शीट बघायची, म्हणजे एकाला दिलेला एकाधिकार दुसऱ्याला जाणार नाही. समाप्तीच्या रकान्याला मोबाईलमध्ये एक महिना आधीची आठवण लावा आणि त्या दिवशी क्लायंटला दोन ओळींचा मेल टाका: परवाना अमुक तारखेला संपतोय, पुढच्या वर्षासाठी शुल्क इतकं, नको असेल तर फोटो काढून घ्यावा. वेबसाइट नव्याने करण्यापेक्षा बहुतेकांना नूतनीकरण स्वस्त पडतं.